सातबारा, शेअर आणि ग्रामसभा

अलास्कातल्या फेअरबँक्सला आमचं विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे, तिचं मूळ नाव ट्रॉथ येद्धा. तनाना नदीकाठच्या अथाबास्कन लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ रानबटाट्यांची टेकडी. पूर्वी लोक इथे कंद खणायला येत, आणि आले की जाणती माणसं बसून पुढचं ठरवत. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची, आमच्याकडच्या बोलण्यात वडशाची. कंद खणायला जंगलात जाणारी आणि परतताना झाडाखाली बसून गावाचं ठरवणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली आहेत. त्यामुळे हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही.

इथे मी ग्रामीण विकास शिकते. वर्गातले बरेचजण समोर बसलेले नसतातच. बेथेल, नोम, कोट्झेब्यू अशा गावांतून ते फोनवर किंवा पडद्यावर येतात. तिथे इथून रस्ता जात नाही, जायचं तर विमानानेच. कुणी गावाच्या कौन्सिलचं काम सांभाळून शिकतं, कुणी मासे वाळवण्याच्या दिवसांत रजा घेतं.

गेले काही महिने बाबांचा आणि माझा फोनवर एकच वाद चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी गडचिरोलीत जाहीर केलं, की आदिवासींना आपली जमीन खासगी लोकांना थेट भाडेपट्ट्याने देता यावी असा कायदा आणणार. आज महसूल संहितेच्या ३६-अ कलमामुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. बाबांना नवा कायदा हवा आहे; मी म्हणते, ग्रामसभेला विचारल्याशिवाय नको. बाबांनी धानोरा तालुक्यात आश्रमशाळेवर तीस वर्षं शिकवलं. ते म्हणतात, "पोराच्या दवाखान्याला पैसे लागतात तेव्हा तुझी ग्रामसभा येते का गं? जमीन त्याची, मग त्यानं मंत्रालयात कशापायी खेटे घालायचे?"

हा प्रश्न खरा आहे. पडीक एकरांचा मालक असूनही दोन हजारांसाठी सावकाराच्या दारात उभी राहिलेली माणसं बाबांनी पाहिली आहेत. तुमची जमीन तुम्हाला सांभाळता येणार नाही, असं एका अख्ख्या समाजाला पन्नास वर्षं ऐकवत राहणं हाही अपमानच. पण इथे आल्यावर मला १९७१ सालचा एक कायदा शिकायला मिळाला, आणि त्यानंतर बाबांचं म्हणणं मला पूर्वीसारखं पटेना.

१९६८ मध्ये अलास्कातल्या प्रुडो बे इथे तेल सापडलं. पाइपलाइन टाकायची तर जमीन कुणाची हे आधी ठरायला हवं होतं. १८ डिसेंबर १९७१ ला राष्ट्राध्यक्ष निक्सननी सही केलेल्या कायद्याने अलास्कातल्या मूळ रहिवाशांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. त्या बदल्यात उरलेल्या अलास्कावरचे त्यांचे मूळ हक्क संपले, शिकारीचे आणि मासेमारीचेसुद्धा. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण जमीन जमातींना मिळाली नाही, गावांच्या कौन्सिलांनाही नाही. ती मिळाली नव्याने काढलेल्या कंपन्यांना: दोनशेहून अधिक गाव-कंपन्यांना वरची जमीन, बारा प्रादेशिक कंपन्यांना खालची खनिजं. प्रत्येक माणसाला शंभर शेअर. तेही त्या तारखेपर्यंत जन्मलेल्यांनाच. १९ डिसेंबरला जन्मलेलं मूल आजोबांच्या जमिनीत भागधारक नव्हतं.

आणि वीस वर्षांनी, म्हणजे १९९१ पासून, हे शेअर कुणालाही विकता येणार होते. कायदा करणाऱ्यांना ते स्वातंत्र्य वाटलं: आता तुम्ही मालक, हवं ते करा. गावागावांत मात्र '१९९१' हा आकडा धास्तीने उच्चारला जाऊ लागला. कॅनडातले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर १९८० च्या दशकात अलास्काभर गावोगाव फिरले आणि लोकांचं म्हणणं ऐकून त्यांनी सुचवलं, की जमीन कंपन्यांकडून काढून जमातींच्या सरकारांकडे द्या. तेवढं झालं नाही. पण लोकांच्या दडपणामुळे १९८८ च्या सुरुवातीला कायदा बदलला: भागधारकांनीच मत देऊन ठरवल्याशिवाय शेअर विक्रीला जाणार नाहीत, आणि पुढच्या पिढ्यांना शेअर देण्याची मुभा मिळाली. पंधरा-सोळा वर्षं लोक जागे राहिले म्हणून जमीन वाचली.

कंपन्यांनी सगळं बुडवलं असंही मी म्हणणार नाही. वायव्येकडच्या नाना या प्रादेशिक कंपनीच्या जमिनीवर १९८९ पासून रेड डॉग ही जस्ताची खाण चालते. करार करतानाच त्यांनी जवळच्या गावांतल्या जाणत्यांची समिती ठेवली, आणि कॅरिबू हरणांचे कळप रस्ता ओलांडत असले की खाणीचे ट्रक थांबतात. आमच्याकडे एटापल्लीत खनिजाच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातलं मोल कळेल.

पण मला सर्वांत जवळचं वाटलं ते व्हेनेटाय. युकॉन नदीच्या उत्तरेला व्हेनेटाय आणि आर्क्टिक व्हिलेज ही ग्विचिन लोकांची दोन गावं. त्यांनी १९७१ च्या कायद्यातले पैसे नाकारले आणि आपल्या जुन्या राखीव क्षेत्राची सुमारे अठरा लाख एकर जमीन तेवढी मागून घेतली. पुढे गाव-कंपन्यांनी ती सगळी जमातीच्या सरकारच्या नावावर करून दिली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की त्या जमिनीवर काम करणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदारावर कर बसवण्याचा अधिकार या सरकारला नाही. म्हणजे जमीन त्यांची, पण सत्ता अर्धीच. हा निकाल आम्ही वाचला त्या दिवशी वर्गात पडद्यापलीकडचे चेहरे बराच वेळ गप्प होते.

त्या दिवशी मी त्यांना मेंढा-लेखाची गोष्ट सांगितली. धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या अशा हक्कांपैकी एक. २०११ मध्ये बांबूची वाहतूक परवान्याची पुस्तकं ग्रामसभेच्या हातात आली. मग २०१३ मध्ये लोकांनी आपापली खासगी शेतंसुद्धा ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे दिली. शेत कसतो तोच, फक्त गावाबाहेर विकता येत नाही. एका वर्गमैत्रिणीने विचारलं, "मग अडीनडीला पैसे कुठून आणतात?" म्हणजे बाबांचाच प्रश्न. मी सांगितलं: बांबूच्या मजुरीतून, गावाच्या निधीतून, आणि या पैशांचा हिशेब स्वतःच्याच वहीत लिहून.

बाबा, तुमचा सावकार खरा आहे. पण वीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा घेऊन कंपनी आली, की तो कागद वाचायला तुमचा माजी विद्यार्थी तहसील कार्यालयात एकटा उभा असेल, आणि समोर वकील असेल. मंत्रालयाचे खेटे नकोत हे मलाही मान्य. मग ते खेटे ग्रामसभेत आणा. पेसा कायद्याने १९९६ पासूनच अनुसूचित क्षेत्रातली जमीन परक्याच्या हाती जाण्यापासून रोखण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. वनहक्काचे पट्टे तर विकता किंवा हस्तांतरित करताच येत नाहीत, वारसानेच पुढे जातात.

नव्या कायद्यात भाडेपट्ट्याची वाट ठेवायचीच असेल, तर करार ग्रामसभेत, गोंडी-माडियात वाचून दाखवून, ग्रामसभेच्या ठरावानेच व्हावा. मुदत कमी असावी, आणि ती संपल्यावर जमीन कसण्याजोगी परत करायची जबाबदारी घेणाऱ्यावर असावी. हे मसुद्यात आलं तर बाबांशी वाद मिटवायला मी तयार आहे. नसेल तर सुट्टीत घरी आले, की त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या गावांत जाऊन मी १९७१ ची ही गोष्ट सांगणार आहे, आणि बाबांनी सोबत यावं असं मला फार वाटतं.