ग्रेहाउंडची १० ते १३ वर्षं

ग्रेहाउंड साधारण १० ते १३ वर्षं जगतो, हे या जातीच्या कुत्र्यांवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून पोटात कालवलं, कारण फोंड्याच्या आमच्या घरातली ग्रेहाउंड राणी आता नवव्या वर्षात आहे. तरी एवढ्या उंच कुत्र्यासाठी हे आयुष्य बरंच म्हणायचं.

लेखात एक गोष्ट यायला हवी होती. या जातीत हाडांचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आढळतो. उतारवयात कुत्रा लंगडायला लागला तर ‘मुरगळला असेल’ म्हणून थांबू नका, लगेच एक्स-रे काढा. रक्त तपासताना आणि भूल देण्याआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. ग्रेहाउंडच्या तांबड्या पेशी मुळातच जास्त आणि थायरॉइड हार्मोन कमी असतं, त्यामुळे चांगला रिपोर्टही बिघडलेला वाटतो.

गोव्यातला उकाडा त्यांना सोसत नाही. मे महिन्यात आम्ही उजाडायच्या आत फिरून येतो. पावसाळ्यात रोज गोचिडी बघायच्या, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस तर चुकवूच नका.

सकाळी आई तुळशीला पाणी घालायला गेली की राणी जाऊन अख्खं अंग तिच्या मांडीला टेकवते. आई तांब्या तसाच धरून उभी राहते, गुडघे दुखत असले तरी हलत नाही. तेव्हा आईला हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

चवथीच्या फटाक्यांना राणी फार घाबरते, म्हणून आरतीच्या वेळी मी तिच्यापाशीच आतल्या खोलीत बसते. म्हाताऱ्या ग्रेहाउंडच्या सांध्यांसाठी कुणी काही करत असाल तर जरूर लिहा.