‘पार्ट विकत आणले, चिकटवले, झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर तुम्ही रविवारी रात्री लिहिलंत. इतरांसाठी ते जसंच्या तसं देतो : “यात कौतुक काय? परदेशी रेझिनचे पार्ट विकत आणले, चिकटवले, झालं. त्या पैशात दुरुस्तीच न लागणारा नवा किट आला असता. विमान टाइप ७७ आहे आणि फोटोखाली टाइप ९६ लिहिलंय. खुर्चीपण चुकीची, एफएलला केएम-१ नसते. आणि खालच्या बाजूचा फोटो का नाही?” (टाइप ७७ आणि टाइप ९६ या मिग-२१ च्या दोन जाती, एफएल म्हणजेच टाइप ७७. केएम-१ हा वैमानिकाच्या खुर्चीचा प्रकार.)

आधी माझ्या चुकीचं बोलतो, म्हणजे मला टीका सहन होत नाही असं कुणी म्हणायला नको. टाइप ९६ लिहिलं ही माझीच चूक. पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजायची पुढची लांब नळी, नाकावर अगदी मधोमध आहे, टाइप ९६ ला ती उजवीकडे सरकलेली असते. म्हणजे फोटो नीट पाहणाऱ्याला विमान टाइप ७७ च आहे हे कळतंच. तरी ओळ दुरुस्त केली आहे. आभार.

आता ‘झालं’ या तुमच्या शब्दाकडे येतो. तुमच्या प्रतिक्रियेतलं बाकी सगळं मी वाचून सोडून दिलं असतं, पण हा शब्द दोन दिवस डोक्यातून गेला नाही. लाइटबिल भरलं, झालं. गॅसचा नंबर लावला, झालं. सात महिने मी रात्री जेवणं उरकल्यावर टेबलाशी बसत होतो, आणि तुमच्या लेखी तेही तसंच?

किट, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल करायची पेटी, जुना आहे, १/४८ चा, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचा. कंपनीचं नाव घेत नाही. पेटी उघडली त्याच दिवशी व्हर्नियर लावून मापं घेतली. मिगच्या पीएफ जातीपासून नाकाच्या तोंडाचा व्यास ८७० मिलिमीटर झाला, एफएल त्याच घराण्यातलं. ८७० ला ४८ ने भागा, १८.१ येतात. किटमध्ये १७.२ भरले. एक मिलिमीटरसुद्धा नाही, असं तुम्ही म्हणाल. पण मिग-२१ म्हणजे नाकच आहे. हवा तिथून आत जाते, रडारचा शंकू तिथंच मध्ये बसतो. ते तोंड आवळलेलं असलं की सगळं विमान उपाशी माणसासारखं दिसतं. मोठ्या चाकांचंही तेच. खरं चाक ८०० मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलवर १६.७ हवं. किटमधलं १५ ला थांबलं. हे चाक आत जाताना वळून धडात उभं राहतं, म्हणून तर पंखाच्या मुळाशी वर तो फुगवटा आहे. बारकं चाक लावलं तर फुगवटा कशासाठी, ते तरी सांगा.

म्हणून रेझिनचं नाक मागवलं, रेझिनची चाकं मागवली, पितळेची पिटो नळी मागवली. इथवर तुमचं ‘विकत आणले’ बरोबर आहे. पुढचं ऐका.

विकतचं नाक १८.१ चं आणि किटचं धड मूळच्या चुकीच्या मापाचं. ती दोन एकमेकांना कशी बसणार? धडाची पुढची बाजू रेझर सॉने कापली. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, हे माहीत असून कापली. कापलेल्या कडेला आतून प्लास्टिकच्या पट्ट्या देऊन धड किंचित फुगवलं, म्हणजे पायरी एकदम न दिसता हळूहळू उतरेल. मग पुट्टी, मग घासणं. रेझिनची पूड छातीत गेलेली चांगली नाही म्हणून मास्क लावून, पाण्यात बुडवून घासायचं. ४०० चा पॉलिश पेपर, ६००, १०००, २०००. घासताना पॅनेलच्या रेघा पुसल्या गेल्या, त्या टेप लावून सुईने पुन्हा कोरल्या. एक रेघ घसरली की परत पुट्टी, परत घासणं.

आणि हे सगळं कशावर? नुसत्या पत्र्याच्या रंगावर. हिरवा-मातकट रंग मारला असता तर निम्मं झाकलं गेलं असतं. १९७१ च्या युद्धात आपल्या बऱ्याच एफएलवर तसा रंग चढलाच होता. पण मला त्याच्या आधीचं चकचकीत विमान हवं होतं. त्यासाठी आधी चमकता काळा थर द्यावा लागतो आणि त्यावर चंदेरी. तो काळा थर आरशासारखा असतो, काही लपू देत नाही. पहिल्यांदा मारला तेव्हा नाकाच्या सांध्यावर केसाएवढी रेघ उमटली. सगळा रंग काढला. दुसऱ्यांदा रेघ गेली, पण पुट्टी बसून खळगा दिसायला लागला. तिसऱ्यांदा जमलं. आणि हा सगळा उद्योग एप्रिल-मेमधला. सोलापूरचा मे तुम्ही काढला आहे का, मला माहीत नाही. बेचाळीस डिग्रीत एअरब्रशच्या टोकावरच रंग वाळतो, मॉडेलपर्यंत पोचेस्तोवर त्याची भुकटी होते. म्हणून पहाटे साडेचारला उठून रंग मारत होतो. घरचे म्हणायचे, सिद्धरामेश्वरांसाठी कधी एवढ्या पहाटे उठला नाहीस.

मिगचं वजन मागे असतं, मॉडेल शेपटीवर बसतं. नाकात शिसं भरावं लागतं. उजनीवर जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या एका ओळखीच्या मासेवाल्याकडून आणल्या आणि शंकूच्या मागे बसवल्या. हे कुठल्याही परदेशी पुडीत येत नाही.

मी कोण, हेही सांगतो, कारण तुमच्या सुरावरून मी पैसेवाला हौशी आहे असा तुमचा समज दिसतो. माझे वडील इथल्या गिरणीत जॉबर होते. माग बिघडला की ते आधी हात लावून बघायचे, मग पाना उचलायचे. मी स्वतः बावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर आहे. एक मिलिमीटर म्हणजे किती, हे मला मॉडेल करणाऱ्यांच्या गप्पांमधून शिकायचं नाही. आणि माझे मामा ओझरला एचएएलमध्ये पत्राकामाला होते. १९६४ मध्ये तो कारखाना मिगसाठीच उभा राहिला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मिग डोक्यावरून जायचं आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. मामा न बघता म्हणायचे, “आपलंच आहे.” मामा आता नाहीत. एफएल २०१३ च्या डिसेंबरात कलाईकुंड्याला निवृत्त झालं आणि उरलेली मिग-२१ सुद्धा २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाली. त्या रात्री मी हा किट माळ्यावरून काढला. किट मामांनीच दिलेला. आता सांगा, त्या पैशात कुठला ‘नवा किट’ घेऊ?

नवा किट चांगला असेलही. घ्या तुम्ही. ज्याला जे परवडेल, रुचेल ते त्यानं करावं, मी कुणाच्या टेबलावर जाऊन हिशेब मागत नाही. तुम्हीही मागू नका. टीका जरूर करा, पण समोरच्यानं काय केलंय ते दोन मिनिटं बघून करा. तुमच्या सहा वाक्यांत ‘छान’ नको होतं मला, ‘कसं केलंत?’ एवढं चाललं असतं. ते विचारलं असतंत तर मी रात्री फोनवरसुद्धा समजावून सांगितलं असतं, असे कितीतरी जण विचारतात.

खुर्चीचं म्हणाल तर एफएलची कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, पुढच्या बाजूला उघडते आणि तिच्याबरोबर एसके खुर्ची असते, हे मला ठाऊक आहे. मला मिळाली ती केएम-१. कॅनोपी बंद करून चिकटवली आहे, आतलं खुर्चीचं फक्त डोकं दिसतं. त्यावर यापेक्षा जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खालच्या बाजूचे फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकतो. एफएलला आत तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-९ चा पॉड, म्हणजे तोफेची वेगळी पेटी, लावायचे. त्यातल्या २३ मिलिमीटरच्या दोन नळ्या मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतात. त्या मी इंजेक्शनच्या सुया कापून केल्या आहेत. पॉडचं धड लेथवर वळवलं आहे. फोटो मोठा करून बघा आणि मग लिहा, यातलं विकत काय आणलं ते.