फुल गाडी पॅकेज

आमच्या हॅचबॅकमध्ये समृद्धी महामार्गावर कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे ओरडतात. रस्ता काँक्रीटचा, खड्डा औषधालासुद्धा नाही, पण ऐंशीच्या पुढे काटा गेला की टायरची जी घरघर सुरू होते ती थेट कानात, मग मागून सासूबाई काहीतरी विचारतात, बायको "काय?" म्हणते, त्या परत विचारतात आणि शेवटी मी आपलं "हो हो" म्हणून टाकतो. अशाच एका "हो हो"मधून आमची वणीची ट्रिप ठरली होती.

म्हटलं बास, साउंडप्रूफिंग करून घेऊ. नाशिकच्या द्वारका चौकाकडच्या एका ॲक्सेसरीवाल्याकडे गेलो, सोबत सासरे. अण्णा ओझरला एचएएलमधून रिटायर झालेत, मिग विमानं बनवायला १९६४ मध्ये जो कारखाना निघाला तिथे, त्यामुळे पत्रा, रिव्हेट आणि थरथर या विषयात घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. इतरांच्या सासऱ्यांना बीपी असतं, आमच्या सासऱ्यांना मतं आहेत.

दुकानदार म्हणाला, "साहेब फुल गाडी पॅकेज घ्या, चारी दारं, फ्लोअर, डिकी, टप, कोटीच्या गाडीचा फील येईल." अण्णांनी उत्तर दिलं नाही. माठ घेताना वाजवतात तसं दार बोटाने वाजवत गेले, कडेला टक्‌टक्‌, मधोमध ढबढब.

"हे बघा जावईबापू, इथं मधे पत्रा नाचतो, इथंच शीट लावायची. पाव भाग झाकला तरी पुष्कळ, सगळं दार मढवायचं काम नाही."

शीट म्हणजे ब्यूटाइल रबर, वरून ॲल्युमिनियमची फॉइल, जाडी साधारण २ मिमी. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि ती थरथर उष्णता होऊन जिरते. स्वस्तातली डांबराची शीट पण होती, पण नाशिकच्या मे महिन्यात ती वितळून गाडीत रस्ता बनवल्याचा वास येतो म्हणे, तेव्हा ती बाद. अण्णा पुढे सुरूच, की याने फक्त पत्र्याचा आवाज जाईल, टायरचा नाही, तो अडवायला खाली फोम आणि वर जड व्हिनाइल पाहिजे, तेही कुठे फट न ठेवता, आणि वजन डबल केलं तरी आवाज सगळं मिळून ६ डेसिबलच कमी.

"आवाजाला वजनच अडवतं, चिकटपट्टी नाही!"

"काका, तुम्ही चहा घ्या," दुकानदार म्हणाला.

अण्णा चहाला गेले आणि तेवढ्यात दारं मढली. पोऱ्याने दाराची आतली ट्रिम ओढली की कट्‌कन क्लिप तुटायची, तो "होतं साहेब" म्हणून तुकडा खिशात टाकायचा. मग शीट चिकटवायची, वरून छोटा रोलर दाबून दाबून फिरवायचा. फॉइलची कड ब्लेडसारखी, त्याच्या बोटांना आधीच सेलोटेप गुंडाळलेली होती.

पण खोटं कशाला बोलू, दार लावल्यावर जो "धप्प" आवाज आला ना, पैसे तिथेच वसूल वाटले. गंगापूर रोडवर मी उगाच थांबून दार उघडून लावून बघत होतो, वॉचमन बघायला लागला तेव्हा निघालो.

आणि मग गाडीतले बाकीचे आवाज बाहेर आले. इतके दिवस त्या ढबढबीखाली गपगार होते बिचारे. डॅशबोर्ड कुरकुरतो, रिकाम्या सीटची बकल टिकटिकते, डिकीतला जॅक तर प्रत्येक स्पीडब्रेकरवर हजेरी लावतो. समृद्धीवरची घरघर मात्र आहे तशीच, अण्णांनी टायरवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "करवतीसारखे झालेत, आधी हे बदला." हे पॅकेजवाल्याने सांगायला नको?

पावसाळ्यात ड्रायव्हरच्या दारात पाणी डुचमळायला लागलं. वळणावर इकडून तिकडे, ब्रेक मारला की पुढे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं असतात, त्यावर शीट. बायको म्हणाली, "आत गोदाकाठच्यासारखा एक दुतोंड्या मारुती बसवा, पूर किती आला ते तरी कळेल."

परत दुकानात. पोऱ्याने स्क्रूड्रायव्हर खुपसला, भळाभळा पाणी आलं, त्याच्या चपला भिजल्या. दुकानदार जराही न ओशाळता म्हणाला, "साहेब, कुरकुर येत असेल तर डॅशबोर्डचं पण पॅकेज आहे."

अण्णांनी पोऱ्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उरलेल्या तीन दारांकडे वळले. "काका, चहा?" दुकानदाराने विचारलं.

"नंतर," अण्णा म्हणाले.