दिवाडीचा बांध आणि आमचं मशीन: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की, जुने गोवेच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर उतरलात, पण आमच्या भाड्याच्या सायकलीच्या हँडलवरच्या जीपीएस मशीननं नार्वेच्या फेरीबोटीकडे न नेता खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतातल्या) बांधावर नेलं. पुढे बांध खचलेला, मोबाईल बंद पडलेला. शेवटी शेतातल्या एका काकांनी वाट दाखवली. ‘सिग्नल मिळत नाही तर असली मशीनं भाड्यानं देता कशाला?’

चूक आमचीच आहे, फक्त ती सिग्नलची नाही. सायकली परत आल्यावर मशीनमधली तुमची राइड उघडून पाहिली. पिएदादच्या चर्चपर्यंत तुम्ही आम्ही मशीनमध्ये आखून दिलेल्या वाटेच्या रेघेवरच होता. टेकडी उतरताना एक वळण सुटलं (तिथं आम्हीसुद्धा चुकलोय). अशा वेळी मशीननं नुसतं बीप करायचं, म्हणजे माणूस मागे फिरतो. पण आधीच्या गिऱ्हाइकानं ‘नवा मार्ग शोधा’ चालू करून ठेवलं होतं आणि तुम्हाला देताना आम्ही ते बघितलं नाही. त्यामुळे मशीननं आमची रेघ सोडून स्वतःच्या हिशेबानं जवळची वाट काढली. नकाशात बांधसुद्धा पायवाट म्हणूनच आखलेला. मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) तो पावसात खचलाय, हे त्या नकाशाला माहीत नाही.

आता सिग्नल. जीपीएसला मोबाईलची रेंज लागतच नाही, ते थेट उपग्रहांवर चालतं. गर्द झाडीत किंवा घाटात ते थोडं भरकटतं, पण खाजनासारख्या उघड्यावर एकदम चोख. बांधावर तुम्ही किती वेळ थांबलात तेही नोंदीत दिसतंय. रेंज लागते ती फोनमध्ये नकाशा उतरवायला. तो आदल्या रात्री हॉटेलवर उतरवला असता तर फोन एअरप्लेन मोडवर ठेवूनही चालला असता. दिवसभर रेंज हुडकणं, त्यात उन्हामुळे स्क्रीन पूर्ण उजेडावर, मग बॅटरी कशी पुरणार? पॉवर बँक काउंटरवरच होती, तुम्ही ‘नको’ म्हणालात. आता विचारत नाही, पिशवीत घालूनच देतो.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र का ठेवत नाही, असंही विचारलंय. साधं जीपीएस चालतं, पण ते यंत्र परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. तुमचे परदेशातले मित्र येताना घेऊन येणार असतील तर त्यांनाही सांगा, विमानतळावरच अडकू शकतात.

मशीनचं पूर्ण भाडं आज परत पाठवलंय. सायकलींचं नाही, गिअर, ब्रेक, टायर सगळं नीट होतं, आणि ते तुम्हीही रिव्ह्यूत लिहिलंय.