‘फुकटचा गाळ ३२० रुपयांना’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. शहराच्या सांडपाण्याच्या गाळापासून आम्ही जे खत बनवतो, तो माल ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा पोचला आणि तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पावसानं वाळवणी अडली होती, ओला माल गाडीत भरायचा नाही म्हणून थांबलो.

तुम्ही लिहिलं की गाडी उशिरा आली, खताला वास येतो, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात टाकलं तर पाला पिवळा पडला. आणि शेवटी लिहिलं, “शहराचा संडासचा गाळ यांना फुकट भेटते, तोच चुंगडीत (पोत्यात) भरून ३२० रुपयांनी विकतात, कास्तकाराची लूट आहे, कोणी घेऊ नका.” आधीच्या तक्रारींवर बसून बोलता येईल. हे शेवटचं मात्र फार लागलं. आमच्याकडे काटोल, नरखेड, कळमेश्वरचे संत्रावाले येतात, ते आधी मोबाइलवर रिव्ह्यू पाहूनच येतात. म्हणून खताच्या भावाचा हिशोब इथंच, सगळ्यांसमोर मांडतो.

गाळ आम्हाला जवळपास फुकट मिळतो, हे खरं आहे आणि ते आम्ही कधी लपवलं नाही. पण सांडपाणी केंद्रातल्या मशीनमधून पिळून निघालेल्या गाळातही पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. एक टन उचलला की त्यात साधारण ८०० किलो पाणी आणि २०० किलो माल. डिझेल पूर्ण टनाचं लागतं, हमाली पूर्ण टनाची लागते. वाळवून २० टक्क्यांच्या ओलाव्यावर आणला की हाती राहतो २५० किलो. ४० किलोच्या जेमतेम सहा चुंगड्या. तुम्ही स्वतः कास्तकार आहात, ओल्या मालाची तूट म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे, नुसत्या गाळाचा ढीग लावून खत होत नाही. तो चिखलासारखा दबून बसतो, आत हवा शिरत नाही आणि कुजण्याऐवजी सडतो. त्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कर्ब (कार्बन) कमी. म्हणून सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), तुराट्यांचा आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) भुगा मिसळावा लागतो, आणि तो फुकट मिळत नाही. कुटार ढोरांसाठीही लागतं, उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ पडली की त्याचा भाव आमच्या हातात राहत नाही.

मिसळण झाली की ढिगाच्या आत किमान ५५ अंश उष्णता १५ दिवस टिकवायची आणि तेवढ्यात कमीत कमी पाच वेळा ढीग पलटायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं गाळाच्या वापरासाठी १९९३ मध्ये जे नियम केले, त्यातला हा नियम आम्ही पाळतो. रोगजंतू आणि जंतांची अंडी मरावीत यासाठी तो आहे. अहमदाबादेत २०१९ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानं गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करतात, दिवसाला १०० टनांची सोय आहे तिथं. आमच्यासारख्या लहान युनिटला ते झेपणारं नाही. आमच्याकडे थर्मामीटर आहे, पलटणारी माणसं आहेत. पावसाळ्यात एखादा ढीग मध्येच थंड पडला की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. ती मजुरी पुन्हा द्यायची. तुमची गाडी उशिरा निघाली ती या दिवसांतच.

मग तपासणी. लोक वासाला घाबरतात, पण गाळात खरी भीती जड धातूंची असते. उष्णतेनं जंतू मरतात, धातू जात नाहीत. वाळवा, कुजवा, चाळा, शिसं तिथंच राहतं. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा घातल्या आहेत: किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, कॅडमियम ५. आम्ही प्रत्येक लॉट त्यावर तपासून घेतो. जो बसत नाही त्याला दुरुस्तीचा उपाय नसतो, त्यावर झालेला सगळा खर्च बुडतो. कारखान्यांचं पाणी जिथं मिसळतं तिथला गाळ आम्ही उचलतच नाही, कितीही जवळून मिळाला तरी. अमेरिकेतल्या मेन राज्यानं २०२२ मध्ये शेतात असा गाळ टाकायला बंदी केली, तिथं पीफास नावाची, वर्षानुवर्षं नष्ट न होणारी रसायनं जमिनीत आणि पाण्यात सापडली म्हणून. हे वाचलं तेव्हापासून गाळ कुठून घ्यायचा याबाबत आम्ही अजून कडक झालो.

तुम्ही असंही लिहिलं की युरियाची ४५ किलोची थैली २६६ रुपयांत येते. येते, कारण उरलेली मोठी रक्कम सरकार भरतं. युरियात नत्र ४६ टक्के, आमच्या मालात एक-दोन टक्के. नत्रासाठी कोणी आमच्या चुंगडीची युरियाशी तुलना करणार असेल तर आम्हीच सांगतो, घेऊ नका. हे घ्यायचं ते सेंद्रिय कर्बासाठी, स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी), थोड्या जस्तासाठी. आपल्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं नुसत्या रासायनिक खताच्या गोण्या पडल्या, शेणखताच्या बंड्या कमी झाल्या, कारण गोठ्यातली ढोरं कमी झाली. ती जागा काही तरी भरायला पाहिजे. स्फुरदाचा दगड देश बाहेरून आणतो आणि तोच स्फुरद आपल्या गटारातून रोज नदीत जातो, हे मला पटत नाही. म्हणून हा धंदा सुरू केला.

नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला विकत जातं आणि त्याचं नागपूरकर कौतुक करतात. केलंच पाहिजे. अमेरिकेत मिलवॉकी शहर १९२६ पासून आपल्या सांडपाण्यातून बनलेलं खत थैलीत भरून विकतं, लोक घरच्या हिरवळीला टाकतात. त्याच गोष्टीसाठी आमच्या माणसांना “संडास विकणारे” म्हटलं तर वाईट वाटतं, भाऊ. ढिगावर काम करणाऱ्या बायकांनी तुमचा रिव्ह्यू वाचला आहे.

आता सांबाराचं. तुम्ही माल संत्र्याच्या बागेसाठी म्हणून नेला होता, बिलावर तसंच आहे. जो पाला कच्चा खाल्ला जातो त्याला हे खत टाकू नका, असं चुंगडीवर छापलेलं आहे आणि गाडीसोबतच्या माणसानंही सांगितलं होतं. सांबाराचं मूळ नाजूक असतं, वाफ्यात खताचा थर जाड झाला तर क्षारानं पाला पिवळा पडतो. तुमचं नुकसान झालं याचं दुःख आहे, पण तो माल त्या वाफ्यासाठी नव्हता. संत्र्याला खोड सोडून आळ्यात, मातीत मिसळून द्या. त्या झाडांबद्दल तुम्ही रिव्ह्यूत काहीच लिहिलं नाही.

वासाचंही तेच. तुमच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चुंगड्या उतरवल्या तेव्हा माल कोरडा होता, तुम्ही हात घालून पाहिला आणि सही केली. ताडपत्री टाका, असं ड्रायव्हर म्हणाला होता. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चुंगड्या उघड्यावर भिजलेल्या दिसतात. भिजलेलं कुठलंही कंपोस्ट बंद चुंगडीत वास मारतं. सावलीत पसरून ठेवा, दोन-तीन उन्हं मिळाली की वास उतरेल.

यापुढे उशीर होणार असेल तर आधी फोन जाईल, आणि पाल्याची सूचना ठळक छापायचा विचार सुरू आहे. भावाबाबत कुटार उतरलं तर पाहू, आज कबूल करत नाही. न उघडलेल्या चुंगड्या परत द्यायच्या असतील तर नागपुरात कळमन्याकडे येणाऱ्या कुठल्याही गाडीत टाकून द्या, भाडं आम्ही देऊ आणि पैसे परत करू. तुमच्या लॉटचा तपासणी रिपोर्ट ऑफिसात काढून ठेवला आहे. रविवार सोडून कधीही या, ढीगही दाखवतो. आणि ‘लूट’ हा शब्द, हिशोब पाहून पटलं तर, काढून टाका एवढी विनंती आहे.

– प्रोप्रायटर