गाणारं रेलिंग

पर्वरीच्या पठारावर पाचव्या मजल्यावर, पश्चिमेला बाल्कनी असलेला फ्लॅट घेतला की पावसाळ्यात गाणं फुकट मिळतं, हे बिल्डरच्या माहितीपत्रकात नव्हतं. आषाढातला वारा सुटला की आमचं रेलिंग खर्जात हुंकारू लागतं. केसरबाई केरकर आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गोव्यात रेलिंगलाही गळा असणारच म्हणा. पण रात्री अडीचला?

शेजारच्या काकींनी देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, रोटाचा नैवेद्य द्यायला सुचवलं. मी वेल्डरला बोलावलं. तो अभिमानाने म्हणाला, "पोरांना लागू नये म्हणून पट्ट्यांच्या कडा मुद्दाम बोथट ठेवल्यात, सायबा!"

तिथेच तर घोडं पेंड खातंय! पट्टीला लगटून आलेल्या वाऱ्याला मागच्या बोथट कडेशी एकदम वळता येत नाही. तो भोवरे सोडतो; एक या अंगाने, पुढचा त्या अंगाने. त्यांच्याबरोबर पट्टीवरचा दाब आलटूनपालटून बदलतो आणि तोच आपल्याला ऐकू येतो. मागची कड पातळ, धारदार असती तर बिचारा वारा निमूट निघून गेला असता. स्ट्रौहल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 1878 मध्येच तारांच्या अशा आवाजाचा हिशेब मांडला: वेगाला जाडीने भागा आणि साधारण 0.2 ने गुणा. आमची पट्टी 10 मिलिमीटर, वारा ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 200 कंपनं. हार्मोनियमवरची जवळपास पांढरी पाच! वारा दीडपट झाला की रेलिंग षड्जावरून थेट पंचमावर. आवाजाची शक्ती मात्र वेगाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे अकरापटीहून जास्त. एवढी तयारी आमच्या सोसायटीतल्या एकाही शिष्येची नाही.

हे सगळं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. देवचाराला अधिक मतं पडली.

शेवटी उंच पोलादी धुराड्यांवर भोवऱ्यांची शिस्त मोडायला मळसूत्रासारखी पट्टी गुंडाळतात, ते आठवलं. म्हापशाच्या बाजारातून सुंभ आणला आणि प्रत्येक पट्टीला पीळ देत गुंडाळला. येणारा-जाणारा विचारतो, "चवथीला अवकाश आहे, गणपतीवरची फळांची माटोळी आत्ताच बांधली?" विचारू देत. रेलिंग गप्प झालं.

आता खालच्या काकांचं घोरणं स्पष्ट ऐकू येतं. तेही हवेचंच काम. पण काकांना सुंभ गुंडाळायला त्यांच्या घरचे परवानगी देत नाहीत.