बारा तासांचं निवेदन कुणी दिलं?

भाऊबीजेचं ओवाळून झालं, ताटं उचलली, आणि दादा नि काकांची जुंपली. दादाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतो. काका जन्मभर पिंपरीत कामगार, युनियनचे कार्यकर्ते. विषय होता सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेला बदल: कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर, तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर. आठवड्याचे ४८ तास कायम, आणि कामगाराची लेखी संमती हवी.

"लेखी संमती? कंत्राटी पोरगा नाही म्हणेल होय रे?" काका म्हणाले.

"काका, ऑर्डर अचानक येते. तेव्हा माल वेळेत दिला नाही तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते."

मला दोघांचंही पटत होतं. मी विचारलं, "दादा, हे मागितलं कुणी?"

"असोसिएशनने दिलं असेल निवेदन."

"तू वाचलंस?"

नव्हतं वाचलं. वर्गणी तो भरतो, त्याच्या नावावर मागणी होते, आणि तिच्यात काय लिहिलंय ते त्यालाच माहीत नाही.

मी जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. तिथेही सध्या हाच वाद आहे. १९९४ च्या कायद्याने दिवसाला आठ, फार तर दहा तास काम. मालकांच्या संघटनांना दिवसाऐवजी आठवड्याची मर्यादा हवी आहे. २०२५ च्या आघाडी सरकारच्या करारात ती वाट मोकळी ठेवली आहे आणि कामगार संघटनांचा तिला कडाडून विरोध आहे. जानेवारी २०२२ पासून जर्मन संसदेचं लॉबी रजिस्टर आहे: कोण, कुणासाठी, किती खर्चून खासदारांना आणि मंत्रालयांना भेटतं, याची नोंद. पण त्यात मोठं भोक आहे. मालक आणि कामगारांच्या संघटना कामाच्या अटींबद्दल बोलतात, तेव्हा त्यांना नोंदणीची सक्ती नाही. म्हणून मला रजिस्टरपेक्षा दुसरी पद्धत मोलाची वाटते. मंत्रालय कायद्याचा मसुदा संघटनांकडे पाठवतं आणि त्यांचे लेखी अभिप्राय बहुतेकदा मसुद्याशेजारीच वेबसाइटवर येतात. कुणी कोणतं कलम बदलायला सांगितलं, ते घरी बसून वाचता येतं.

उद्योगांनी सरकारकडे जाऊ नये असं मी म्हणत नाही. पुण्याचं मराठा चेंबर, उद्योजकांची संघटना, १९३४ पासून आहे. रस्ते, वीज, कर यांवर उद्योजकांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? पण आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्टवरून संसदेत गदारोळ झाला. कंपनीने भारतीय बाजारात शिरण्यासाठी लॉबिंग केल्याचं आपल्याला कळलं ते तिने अमेरिकेत, तिथल्या १९९५ च्या कायद्यापायी, भरलेल्या अहवालांतून. आपल्या बाजारपेठेबद्दलची गोष्ट वॉशिंग्टनच्या दप्तरात सापडावी, याची मला आजही लाज वाटते.

नियम आपल्याकडेही आहेत. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, हे केंद्राचं २०१४ चं धोरण. तरी २०२० मध्ये तीन कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, विरोधकांच्या बहिष्कारात दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून गेल्या. सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसतात ती भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर भरलेलीच नाही. मालकांच्या शिष्टमंडळाला मंत्र्यांची वेळ मिळते. काकांसारख्यांसाठी जी बैठक होती, तीच बंद पडली. आणि दादासारख्या लहान कारखानदाराचं तरी त्या शिष्टमंडळात कोण ऐकतं? मोठ्या कंपन्यांना हवे असतात लवचिक तास, त्याला हवं असतं बिलाचं पेमेंट वेळेवर.

माझी मागणी साधी आहे. राज्य सरकारने कामगार कायद्यातल्या प्रत्येक बदलासोबत त्यावर आलेली सगळी निवेदनं, मालकांची आणि कामगारांची, वेबसाइटवर टाकावीत. मराठीत. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

गेल्या आठवड्यात दादाने असोसिएशनकडे निवेदनाची प्रत मागितली. अजून आलेली नाही. काकांनी आपलं म्हणणं दोन फुलस्केपांवर लिहून ठेवलंय आणि ते कुठे पाठवायचं, असं मला फोनवर विचारत होते.